स्पेस गेमसाठी रडर पेडलं घ्यावीत का? जॉयस्टिकसोबत पायांना काय काम द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या सिडकोत वन-बीएचके, टेबलाखाली जागा बेताची. हाताशी ट्विस्टवाली जॉयस्टिक आणि वेगळा थ्रॉटल. मुख्यतः एलिट डेंजरस खेळणं, सुटीच्या दिवशी कर्बल स्पेस प्रोग्रॅम. स्टिक पिळून जहाजाचं नाक डावी-उजवीकडे वळवताना मनगट दुखतं आणि नेम धरला की नाक आपोआप वर-खालीही सरकतं. तर रडर पेडलं, म्हणजे पायांनी ढकलून नाक वळवायची पेडलं, घ्यावीत, की त्याच पैशांत दुसरी स्टिक? आणि अंतराळात हवाच नाही, मग रडर कशाला?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती बरोबर आहे. रडर म्हणजे विमानाच्या शेपटीवरचा उभा पडदा. हवा त्याच्यावर आपटते म्हणून नाक वळतं. हवा नसेल तर तो पडदा कितीही हलवला तरी उपयोग नाही. खऱ्या अंतराळयानांतही पायाला काम नव्हतं. अपोलोमध्ये उजव्या हातात यान फिरवायचा दांडा होता, त्यालाच पीळ दिला की नाक आडवं वळायचं, आणि डाव्या हातात यान सरकवायचा दांडा. 1984 साली राकेश शर्मा ज्या सोयुझ टी-11 मधून गेले त्या जातीच्या यानातही असेच दोन हातांचे दोन दांडे. हेच शर्मा पुढे 1992 पर्यंत आपल्या ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात टेस्ट पायलट होते आणि तिथल्या लढाऊ विमानांत मात्र पेडलं होती. स्पेस शटलमध्ये पेडलं होती, पण ती परतीच्या वाटेवर, हवेत शिरल्यानंतर आणि धावपट्टीवर चाकं टेकल्यावर वापरायची. कक्षेत असताना नाही.

मग आपण का वापरायची? कारण त्या यानांत सगळं संथपणे चालायचं आणि नेम धरून कोणाला पाडायचं नव्हतं. गेममध्ये एकाच वेळी सहा हालचाली सांभाळायच्या असतात: नाक वर-खाली म्हणजे पिच, कुशीवर वळणं म्हणजे रोल, नाक डावी-उजवीकडे म्हणजे यॉ, शिवाय पुढे-मागे, वर-खाली आणि आडवं सरकणं. वर बंदुका, ढाली, रडार यांची बटणं. हात दोनच असतात, त्यामुळे एखादी हालचाल पायाकडे गेली की हातावरचा ताण लगेच कमी होतो.

पायांना नेमकं कुठलं काम द्यायचं, हे विमान डोळ्यांसमोर ठेवून ठरवलं की घोटाळा होतो. आपल्याकडे त्यापेक्षा चांगलं उदाहरण रोज आकाशात असतं. द्वारकेवरून नाशिकरोडला जाताना गांधीनगरच्या बाजूला आर्मी एव्हिएशनची हेलिकॉप्टरं सराव करताना दिसतात. कधीतरी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं बघा. हेलिकॉप्टर एका जागी तरंगतं, मग नाक तसंच ठेवून आडवं सरकतं, मग जागेवरच सावकाश नाक फिरवतं. जायची दिशा वेगळी, नाकाची दिशा वेगळी. वैमानिकाच्या उजव्या हातात झुकवायची काठी, डाव्या हातात वर-खाली नेणारा दांडा आणि नाक फिरवणं मात्र पूर्णपणे पायांवर. शेपटीच्या छोट्या पंख्याच्या पात्यांचा कोन तो पेडलांनी बदलतो. विमानात पाय वळणाला नुसते हातभार लावतात. हेलिकॉप्टरमध्ये नाक कुठे बघतंय याची सगळी जबाबदारी पायांची. फ्लाइट असिस्ट (जहाज आपोआप सावरणारी गेममधली सोय) बंद केलेलं एलिटचं जहाज याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. माझी स्वतःची मांडणी बऱ्याच वर्षांपासून हीच आहे: उजव्या हातात पिच आणि रोल, डाव्या हातात थ्रॉटल, अंगठ्याखाली वर-खाली आणि आडवं सरकणं, पायांवर यॉ.

ट्विस्टने मनगट का दुखतं आणि नाक का सरकतं, यात तुमची चूक नाही. हात पिळला की तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडांच्या रेषेत फिरतो. स्टिक मात्र तिच्या उभ्या दांड्याभोवती फिरायला बघते. या दोन रेषा एक नसतात, त्यामुळे पीळ देताना हात स्टिकला थोडं बाजूला आणि थोडं मागे ओढतोच. साधं उडताना ते कळत नाही. लांबच्या जहाजावर फिक्स्ड बंदूक, म्हणजे फक्त नाकाच्या दिशेनेच मारणारी, रोखली असेल तर ते एवढंसं ओढणंही नेम चुकवायला पुरतं. शिवाय स्प्रिंगच्या विरुद्ध पीळ धरून ठेवायचा तर बोटं आवळावी लागतात, आणि आवळलेल्या बोटांनी बारीक काम होत नाही. पेडलं लावल्यावर पहिला फरक पायात जाणवत नाही, उजव्या हातात जाणवतो. पकड सैल होते.

आता गेमप्रमाणे फरक, कारण इथे सरसकट सल्ला चालत नाही. एलिटमध्ये यॉ मुद्दाम संथ ठेवलेला आहे. पिच आणि रोल त्या मानाने खूप चपळ. म्हणून तिथे मोठं वळण नेहमी रोल करून पिच ओढूनच घ्यायचं आणि यॉ फक्त शेवटच्या दोन-चार अंशांच्या दुरुस्तीला ठेवायचा. हे काम पायाला मानवतं. स्टार सिटिझन या दुसऱ्या स्पेस गेममध्ये बऱ्याच जहाजांचा यॉ पिचच्या तोडीचा असतो, म्हणून दोन स्टिक वापरणारे उजव्या स्टिकवर पिच आणि यॉ ठेवतात आणि रोल पायांवर देतात. तेही मी करून पाहिलं आहे, चांगलं चालतं. फक्त एकाच आठवड्यात दोन्ही गेम दोन वेगळ्या मांडण्यांनी खेळू नका, पाय गोंधळतात. कर्बलमध्ये पेडलांची खरी गरज नाही. रॉकेट सोडताना आणि यान जोडताना मजा येते, पण निव्वळ कर्बलसाठी कोणी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

पायाला कोणतं काम देऊ नये, हेही सांगतो. पाय ताकदवान आहे, पण झटकन उलटसुलट करण्यात हाताच्या मागे आहे. ज्या हालचालीत सेकंदाला दोनदा दिशा बदलावी लागते ती अंगठ्याकडे ठेवा. ज्यात दाब देऊन धरून ठेवायचं असतं, हळूच सोडायचं असतं, ती पायाकडे द्या. काही जण आडवं सरकणं पायावर देतात, उजवा दाबला की जहाज उजवीकडे. कल्पना सरळ आहे आणि शत्रूभोवती गोल फिरताना बराच वेळ दाब धरून ठेवायचा असतो, त्याला ती बरी पडते. मला यॉ पायावर बरा वाटतो, कारण बारीक नेमाची दुरुस्ती हातातल्या इतर कामांपासून वेगळी राहते.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि विकत घेण्याआधीच वाचा: खुर्ची.

पेडल दाबलं की तेवढ्याच जोराने खुर्ची मागे ढकलली जाते. आपल्याकडे गुळगुळीत टाइल्सची फरशी आणि पाच चाकांची खुर्ची. मी पहिल्यांदा पेडलं बसवली तेव्हा ती प्लायवर पक्की केली, खाली रबर लावलं, तरी जहाज झटक्यांनी वळत राहिलं. तीन आठवडे मी सेन्सरला दोष दिला, पेडलं उघडली, पुसली, पुन्हा बसवली. शेवटी मुलीने बाजूला उभं राहून सांगितलं, बाबा, तुमची खुर्ची हलतेय. जोर लावला की खुर्ची आधी दोन बोटं मागे जायची, मग पेडल हलायचं. पाय सोडला की उलट. त्यामुळे पायाला पेडलाची जागा कधी कळतच नव्हती.

उपाय स्वस्त आहेत. चाकं नसलेली लाकडी खुर्ची असेल तर प्रश्न तिथेच संपला. चाकांचीच वापरायची असेल तर प्रवासी बॅगेला आवळायचा बकलचा पट्टा घ्या, तो खुर्चीच्या मधल्या खांबाला गुंडाळून पेडलं बसवलेल्या पाटाला बांधा आणि ताणून बसवा. मग पाय पुढे ढकलतात तो जोर पट्ट्यातून खुर्चीतच परत येतो, फरशीचा संबंधच राहत नाही. टेबल भिंतीला लागून असेल तर 18 मिलिमीटर प्लायचा पाट असा कापा की त्याची पुढची कड भिंतीला टेकेल. खेळून झालं की पाट पेडलांसकट उचलून कपाटामागे उभा करता येतो. वन-बीएचकेत हेच सोयीचं. सुतार अर्ध्या तासात कापून देतो. कडा घासून घ्यायला सांगा, टाचेला लागतात.

बसण्याची उंची अशी ठेवा की पेडलं मधोमध असताना गुडघा काटकोनापेक्षा थोडा जास्त उघडा असेल. एक पेडल पूर्ण दाबल्यावरही तो पाय गुडघ्यात पूर्ण सरळ होता कामा नये. टाच खाली टेकलेली हवी, पायाचं वजन टाचेवर, पेडलावर फक्त चवडा. पाय लोंबकळते राहिले तर मांडीच्या स्नायूंनी नाक वळवावं लागतं, आणि त्या मोठ्या स्नायूंना बारीक काम जमत नाही. टाच टेकली की घोट्याने काम होतं. काही पेडलांवर अख्खं पाऊल ठेवायचं असतं. तिथे टाच पेडलाच्या खालच्या ओठात घट्ट बसते ना ते बघा. मी अनवाणी वापरतो, दाब नीट कळतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा धातूच्या पेडलावर उघडा पाय ठेवणं जमत नाही, तेव्हा पातळ मोजे. जाड तळव्याच्या चपलेने मात्र कधीच नको.

आता सेटिंग. आधी विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल लिहून पेडलांचं पान उघडा. पाय काढून घ्या आणि रेघ बघा. मग पाय ठेवा, पण दाबू नका, पुन्हा बघा. बहुतेकांची रेघ पाय ठेवल्यावर किंचित एका बाजूला जाते, कारण आपण कोणीही दोन्ही पायांवर सारखे बसत नाही. जितकी सरकते तितका, अधिक थोडासा, डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा न मोजला जाणारा भाग, ठेवा. साधारण 3 ते 5 टक्क्यांत भागायला हवं. 10 टक्के लागत असतील तर बसण्यात किंवा स्प्रिंगमध्ये दोष आहे, तो आधी काढा.

हे एवढं का? फ्लाइट असिस्ट चालू असताना पेडल वळण्याचा वेग ठरवतं. पाय सोडला की संगणक उलटे थ्रस्टर मारून वळणं थांबवतो. थोडी चूक झाली तर जहाज थोडं वळतं, इतकंच. असिस्ट बंद केला की पेडल वेग ठरवत नाही, वेगातला बदल ठरवतं. एक टक्का दाब राहून गेला तर तो क्षणाक्षणाला साचत जातो आणि जहाज हळूहळू भिरभिरू लागतं. पाय मधोमध आणलात तरी ते थांबत नाही, कारण मध्य म्हणजे जोर नाही, एवढाच त्याचा अर्थ. थांबवायला दुसऱ्या पायाने तेवढाच उलटा दाब, तेवढाच वेळ द्यावा लागतो. नवीन माणूस इथे हमखास चुकतो: वळण थांबेना म्हणून उलटा पाय धरून ठेवतो आणि नाक दुसऱ्या बाजूला पळतं. डावा दाब, उजवा दाब, दोन्ही सैल. पाण्यात होडी वळवून उलटं वल्हं मारल्यासारखं. कर्बलमध्येही एसएएस, म्हणजे यान आपोआप स्थिर ठेवणारी सोय, बंद असेल तर हेच, आणि तिथे थरथरणारं पेडल आरसीएसचं, म्हणजे यान फिरवणाऱ्या छोट्या थ्रस्टरांचं, इंधनही फुकट घालवतं.

एलिटमध्ये डेडझोनचा सरकता पट्टा आहे, पण कर्व्ह नाही. म्हणजे मध्याजवळ मऊ आणि टोकाला तीव्र असा प्रतिसाद गेममध्ये मिळत नाही. तो पेडलांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून किंवा जॉयस्टिक ग्रेमलिन या मोफत प्रोग्रॅममधून द्यावा लागतो, सोबत व्हीजॉय हा आभासी जॉयस्टिक तयार करणारा प्रोग्रॅम लागतो. संथ यॉसाठी मी कर्व्ह अगदी हलका ठेवतो. जास्त मऊ केला तर गरजेच्या वेळी पाय तळाला टेकवूनही नाक वळत नाही असं वाटतं.

टो ब्रेक हा वेगळा विषय. बऱ्याच पेडलांना चवड्याने दाबायचे दोन ब्रेक असतात, प्रत्येकाचा वेगळा अक्ष. मोकळे असताना हे अक्ष मधोमध नसतात, एका टोकाला असतात. त्यांच्यापैकी एकच तुम्ही थेट वर-खाली सरकण्याला जोडलात तर पाय न लावताच जहाज पूर्ण जोराने खाली जाऊ लागेल. जॉयस्टिक ग्रेमलिनमध्ये दोन्ही ब्रेक मिळून एक अक्ष करा, उजव्यातून डावा वजा. दोन्ही मोकळे तेव्हा शून्य, उजवा चवडा दाबला की वर, डावा दाबला की खाली. सवय व्हायला वेळ लागतो, पण अंगठा पूर्ण मोकळा होतो. ग्रहावर एसआरव्ही ही चाकांची गाडी चालवताना पेडलांवर सुकाणू देऊन पाहा, तेही छान जमतं. आणि गेम जेव्हा विचारतो की कुठला अक्ष जोडायचा, तेव्हा चवडा अजिबात दाबू नका. फक्त टाचेने अख्खं पेडल ढकला, नाहीतर यॉच्या जागी ब्रेक जोडला जातो आणि तासभर कळत नाही.

कुठली घ्यावीत? थ्रस्टमास्टरची टी-फ्लाइट रुळांवर सरकतात आणि त्याच कंपनीच्या टीडब्ल्यूसीएस थ्रॉटलमध्ये आरजे-12 तारेने थेट जोडता येतात. मग संगणकाला ती थ्रॉटलचाच भाग वाटतात, एक यूएसबी वाचतो. लॉजिटेकच्या पेडलांना मधोमध ताण कमी-जास्त करायची फिरकी आहे. व्हीकेबीच्या टी-रडरला टो ब्रेकच नाहीत. तुमच्यासारख्याला त्यांची गरज नसेल तर ती उणीव नाही, उलट लहान जागेत बरं. त्याच्या वरच्या पायरीवर क्रोएशियाच्या एमएफजीची क्रॉसविंड आणि थ्रस्टमास्टरची वरून टांगलेली टीपीआर, पण ती विमानांचे सिम्युलेटरही खेळणाऱ्यांनी घ्यावीत. जिथे शक्य तिथे हॉल सेन्सर निवडा. त्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकत नाहीत. पोटेन्शिओमीटरमध्ये पट्टीवर ब्रश घासतो, आणि पेडलं जिथे ठेवतो ती घरातली सगळ्यात धुळीची जागा. उन्हाळ्यात खिडकी उघडी असली की नाशिकची धूळ कुठे बसते हे घर झाडणाऱ्याला विचारा. दुसऱ्या हाताची घेत असाल तर विकणाऱ्याकडून जॉय डॉट सीपीएलचं पान चालू असतानाचा व्हिडिओ मागवा. पेडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रेघ कुठे उडी मारते ते लगेच दिसतं.

अंबडला टूलरूममध्ये काम करत असल्यामुळे मी माझी दुसरी पेडलं स्वतःच केली. तुमच्या ओळखीत वर्कशॉप असेल तर हे अवघड नाही. मधल्या खिळीला दोन 6203 बेअरिंग, म्हणजे 17 मिलिमीटर भोक आणि 40 बाहेरून, त्यावर आडवी पट्टी, दोन बाजूंना ओढणाऱ्या दोन सारख्या स्प्रिंगा, खिळीच्या टोकाला चुंबक आणि समोर हॉल सेन्सर. एसटीएम-32 च्या ब्लू पिल या छोट्या बोर्डावर फ्रीजॉय हा प्रोग्रॅम टाकला की संगणकाला ती जॉयस्टिक दिसते. त्यात 12 बिट म्हणजे 4096 पायऱ्या, पायासाठी भरपूर. एक गोष्ट मात्र टाळा: मध्यावर खटकन बसणारा खाचा ठेवू नका. विमानात तो चालतो, इथे मध्याच्या अलीकडे-पलीकडेच सगळं काम असतं आणि दर वेळी तो खाचा ओलांडताना नेम उडतो.

पेडलं आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ट्विस्ट गेममधून काढून टाका. स्टिकला पीळ थांबवायचं कुलूप असेल तर तेही लावा. दोन्ही ठेवलेत तर हात जुन्या सवयीने पिळतच राहतो आणि पाय शिकत नाहीत. पहिला आठवडा लढाई नको, फक्त स्टेशनवर ये-जा. कोरिओलिस या फिरत्या स्टेशनला साडेसात किलोमीटरच्या आत आलात की उतरायची परवानगी मागा, आत शिरायच्या खिडकीच्या बरोब्बर समोर या, हिरवे दिवे उजवीकडे. स्टेशन फिरतंय तसा स्टिकने रोल देत राहा. आता खिडकी मधोमध नाही, एक बोट डावीकडे आहे. हाताने काहीच करू नका. डाव्या चवड्याने पेडलाला नुसता स्पर्श केल्याइतका दाब द्या आणि खिडकी मध्याला यायच्या थोडं आधीच सोडा. पहिल्या दहा वेळा खिडकी पलीकडे जाईल. मग एक दिवस लक्षात येतं की आपण पायाचा विचारच केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मोकळ्या जागी, कोणी मारायला नसेल तिथे, असिस्ट बंद करून स्टेशनभोवती आडवे सरकत राहा आणि नाक सतत स्टेशनवर ठेवा. गांधीनगरचं हेलिकॉप्टर करतं तेच. एका वेळी वीस मिनिटं पुरेत. नडगीच्या बाहेरच्या बाजूला दुखलं तर टाच हवेत आहे, कंबर दुखली तर खुर्ची लांब आहे. गुडघा दुखला तर थांबा आणि अंतर बदला, सहन करत खेळू नका.

दुसरी स्टिक की पेडलं, याचं तुमच्यापुरतं उत्तर: पेडलं. तुमची तक्रार मनगटाची आणि नेमाची आहे, गेम एलिट आहे, थ्रॉटल आधीच चांगला आहे. दुसरी स्टिक घेतलीत तर यॉसाठी पुन्हा कुठेतरी पीळच द्यावा लागेल. पुढे स्टार सिटिझनकडे वळलात तर दुसरी स्टिक घ्या आणि पेडलं रोलला लावा. त्या दिवशी एलिटच्या बाइंडिंग्ज फोल्डरमधली, बटणं आणि अक्षांची मांडणी असलेली तुमची फाइल आधी वेगळ्या नावाने जपून ठेवा. एखादं उपकरण न जोडता गेम सुरू झाला की एलिट जुनी मांडणी सोडून मूळ मांडणीवर जातो, आणि महिनाभर पायाला सवय झालेली मांडणी पुन्हा एकेक अक्ष जोडत बसवावी लागते.